कवळी काढून ठेवलेला देश

८ सप्टेंबर २०२२ रोजी स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल इथे राणी एलिझाबेथचं निधन झालं. चार दिवसांनी तिची शवपेटी एडिनबरातल्या सेंट जाइल्स कॅथीड्रलमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवली गेली. हजारो माणसं रात्रभर रांगेत उभी राहिली. टीव्हीवर सत्तर वर्षांतली जुनी चित्रं सतत फिरत होती. १९ तारखेला लंडनमध्ये अंत्यविधी व्हायचे होते. त्याच्या तीन दिवस आधी, १६ सप्टेंबरला, दोन जुळ्या भावांचा नवा अल्बम बाजारात आला. हे भाऊ जन्मले ते लीथ बंदरात, म्हणजे सेंट जाइल्सपासून तासाभरात पायी गाठता येईल अशा अंतरावर. अल्बमचं नाव 'डेंचर्स आउट'. उमेदीची वर्षं सरलेली, कवळी काढून बसलेली एक म्हातारी त्यात भेटते, आणि ही म्हातारी म्हणजे दुसरंतिसरं कोणी नसून खुद्द ब्रिटन.

हा निव्वळ योगायोग होता. गाणी कधीच ध्वनिमुद्रित झाली होती, प्रकाशनाची तारीखही आधीच ठरली होती. पण गाणं कोणत्या आठवड्यात कानावर पडतं याचा परिणाम ऐकणाऱ्यावर होतोच. ज्या आठवड्यात सगळा देश मागे वळून पाहत होता, त्याच आठवड्यात क्रेग आणि चार्ली रीड सांगत होते की मागे वळून पाहण्याची ही सवय आता अंगाशी येते आहे. काहींना ते निष्ठुर वाटलं, काहींना अगदी वेळेवर आलेलं. आणि बऱ्याच जणांनी अल्बम ऐकून नेहमीचाच प्रश्न विचारला: यात 'फाइव्ह हंड्रेड माइल्स'सारखं गाणं कुठे आहे?

या भावांच्या 'द प्रोक्लेमर्स' या जोडीच्या वाट्याला हा प्रश्न गेली तीसेक वर्षं येतो आहे. त्यांच्या उत्तरकाळातल्या कामाविषयी श्रोत्यांमध्ये जे मतभेद आहेत, त्यांचं मूळही याच प्रश्नात आहे.

बंदरातली जुळी

क्रेग आणि चार्ली यांचा जन्म ५ मार्च १९६२चा. लीथ हे एडिनबराचं बंदर. १९२०पर्यंत तिथे स्वतंत्र नगरपालिका होती. बहुसंख्य लीथकरांचा विरोध असताना ते एडिनबरात विलीन करण्यात आलं आणि ती सल तिथे पुढे कित्येक पिढ्या टिकली. लीथचं बोधवाक्य आहे 'पर्सिव्हिअर', म्हणजे चिकाटी धरा. रीड बंधूंनी २००१मध्ये आपल्या एका अल्बमला हेच नाव दिलं. मुलांच्या शाळकरी वयात कुटुंब फाइफमधल्या ऑख्टरमख्टी या लहानशा गावी राहायला गेलं. तिथे ही दोघं पंक बँडमध्ये वाजवू लागली. पुढे बाकीची वाद्यं गळून पडली आणि उरले फक्त दोघे: क्रेग मुख्य सूर लावणारा, चार्ली अकूस्टिक गिटार वाजवत त्याला साथ देणारा. दोघांचे चेहरे सारखे, चष्मे सारखे आणि उच्चार तर अस्सल स्कॉटिश.

उच्चारांचा मुद्दा आज किरकोळ वाटेल. १९८७मध्ये तो तसा नव्हता. ब्रिटनमधला पॉप गायक ग्लासगोचा असो की लीड्सचा, माइकसमोर उभा राहिला की त्याचे उच्चार बहुधा अमेरिकी व्हायचे. ही दोघं मात्र घरी बोलत तशीच गात. त्या वर्षी जानेवारीत चॅनल फोरच्या 'द ट्यूब' या कार्यक्रमात ती दिसली आणि त्यांचं नाव झालं. त्यांचं पहिलं सिंगल 'थ्रो द आर अवे' हे बोली सोडून द्या असा सल्ला देणाऱ्यांना दिलेलं उत्तर होतं. पाठोपाठ 'लेटर फ्रॉम अमेरिका' आलं. 'बेकर स्ट्रीट'वाल्या जेरी रॅफर्टीच्या देखरेखीखाली पूर्ण वाद्यवृंदासह बांधलेलं हे गाणं ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमिनीवरून हुसकावल्यावर जहाजाने अमेरिकेची वाट धरणारे हायलँडचे शेतकरी आणि १९८०च्या दशकात कारखान्यांना टाळं लागल्याने रस्त्यावर आलेले कामगार, अशी दोन स्थलांतरं हे गाणं शेजारी शेजारी ठेवतं. लिनवूडचा मोटार कारखाना १९८१मध्ये बंद झाला, बाथगेटचा ट्रक कारखाना १९८६मध्ये. पुढच्याच वर्षी या गावांची नावं लोकांच्या तोंडी झाली ती पॉप गाण्यातून.

हे आवर्जून सांगायचं कारण असं, की प्रोक्लेमर्स उतारवयात राजकारणी झाले अशी तक्रार अनेक श्रोते करतात. ती वस्तुस्थितीला धरून नाही. ते पहिल्या दिवसापासून तसेच होते. १९८८च्या 'सनशाइन ऑन लीथ' या दुसऱ्या अल्बममध्ये 'कॅप इन हँड' हे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची उघड बाजू घेणारं गाणं आहे. पण त्याच अल्बमची सुरुवात आणखी एका गाण्याने झाली आणि त्या गाण्याने बाकी सगळं झाकून टाकलं.

एका गाण्याची सावली

'आय एम गोना बी (फाइव्ह हंड्रेड माइल्स)' हे १९८८मध्ये ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकावर थांबलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पाच वर्षांनी 'बेनी अँड जून' या हॉलिवूडपटात ते वापरलं गेलं आणि १९९३मध्ये अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. २००७मध्ये कॉमिक रिलीफ या धर्मादाय मोहिमेसाठी विनोदी नट पीटर के आणि मॅट लुकस यांच्यासोबत रीड बंधूंनी ते पुन्हा गायलं, आणि तेव्हा कुठे ब्रिटनमध्ये त्याला पहिला क्रमांक मिळाला. त्याच वर्षी 'हाऊ आय मेट युअर मदर' या अमेरिकी मालिकेत मार्शलच्या जुन्या गाडीत अडकलेल्या कॅसेटच्या रूपाने ते जगभरच्या तरुणांपर्यंत गेलं. महाराष्ट्रातल्या ज्या पिढीने ती मालिका पाहिली, तिला हे गाणं प्रोक्लेमर्सचं नाव कळण्याच्या आधीपासून पाठ आहे.

गाणं आहेच तसं. मार्चच्या तालावर चालणारं आणि लग्नात, पबमध्ये, मैदानात कोणालाही गाता येईल असं. प्रेमात पडलेला माणूस चालत राहीन म्हणतो, एवढाच त्याचा मजकूर. पण एखाद्या कलावंताचं एक गाणं इतकं मोठं झालं की पुढच्या प्रत्येक गाण्याची उंची लोक त्याच्या शेजारी उभं करून मोजू लागतात. १९९४च्या 'हिट द हायवे'नंतर सात वर्षांचा खंड पडला. २००१पासून २०२२पर्यंत प्रोक्लेमर्सनी नऊ अल्बम काढले. 'डेंचर्स आउट' हा त्यांचा बारावा. म्हणजे ज्याला 'नंतरचं काम' म्हणून बाजूला सारलं जातं, तेच त्यांच्या एकूण कामाच्या तीन चतुर्थांश आहे.

त्यांच्या श्रोत्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट एका गाण्याचा. हे लोक जत्रेला यावं तसे मैफलीला येतात, शेवटाकडच्या गाण्याची वाट पाहतात आणि मधल्या अनोळखी गाण्यांच्या वेळी बियर आणायला जातात. दुसरा गट पहिल्या दोन अल्बमांचा. यातले बहुतेक आज पन्नाशी-साठीत आहेत. थॅचरबाईंच्या काळात तरुण असलेल्या या लोकांना रीड बंधूंमध्ये आपला उच्चार आणि आपला राग सापडला होता. तिसरा गट संख्येने सगळ्यांत लहान, पण प्रत्येक नवा अल्बम येताच शेवटपर्यंत ऐकणारा. 'डेंचर्स आउट'वरची खरी चर्चा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात झाली. विशेष म्हणजे दोन्ही बाजूंनी जे म्हणणं मांडलं, त्याला आधार आहे.

आठवणींवर खटला

हा अल्बम वेल्समध्ये मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. मुळात हे एक शेतघर. १९७५मध्ये 'क्वीन'ने 'बोहेमियन रॅप्सडी'चं ध्वनिमुद्रण इथेच सुरू केलं होतं. 'क्वीन'चा गायक, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीमुळे ही जागा मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नये. निर्माता डेव्ह एरिंगा. २०१८च्या 'अँग्री सायक्लिस्ट'चं कामही त्यानेच केलं होतं. एरिंगाने वेल्सच्या 'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स'बरोबर वर्षानुवर्षं काम केलेलं असल्यामुळे त्या बँडचा जेम्स डीन ब्रॅडफील्ड इथे पाहुणा म्हणून गिटार वाजवतो. गाणी आटोपशीर, सुरावटी आखूड, गिटार धारदार. लोकसंगीताचा गोडवा कमी आणि तरुणपणच्या पंकचा करकरीतपणा जास्त.

विषय एकच आहे आणि तो सगळ्या अल्बमभर फिरत राहतो: गतकाळाची ओढ. २०१६मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के मतं संघात राहण्याच्या बाजूने पडली होती. त्याआधी २०१४च्या सार्वमतात ५५ टक्के स्कॉटिश मतदारांनी स्वातंत्र्य नाकारलं होतं. म्हणजे रीड बंधूंसारखी माणसं दोन वर्षांत दोनदा हरली. २०१६च्या प्रचारात 'पुन्हा आपल्या हाती सूत्रं' ही घोषणा गाजली. तिच्यातला 'पुन्हा' हा शब्द अल्बमभर जाणवत राहतो. नेमकं कोणत्या काळात परत जायचं आहे आणि तो काळ खरोखर होता कसा, हे 'द वर्ल्ड दॅट वॉज' आणि 'द रीसेंट पास्ट' ही गाणी नावापासूनच विचारू लागतात.

इथवर हा अल्बम लंडनला सुनावतो आहे असंच वाटतं, आणि इंग्लंडमधल्या अनेक जुन्या चाहत्यांना तो तेवढ्यावरच खटकला. आपण ज्यांच्यावर प्रेम केलं त्यांनी आपल्या देशाला म्हातारी म्हणावं, हे त्यांना लागलं. त्यांची नाराजी खरी आहे. ज्यांनी 'सनशाइन ऑन लीथ' बर्मिंगहॅममध्ये राहून जिवापाड जपला, त्यांना स्कॉटलंडच्या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं नातं दोन आवाजांशी होतं. तेच आवाज आता आपल्याकडे बोट दाखवत आहेत असं वाटलं की माणूस दुखावतो.

पण अल्बम शेवटपर्यंत ऐकणाऱ्या श्रोत्याला बोटाची दिशा बदललेली दिसते. त्यातली दोन गाणी जवळून पाहावीत अशी आहेत.

पहिलं 'संडेज बाय जॉन कॅल्व्हिन'. १५६०मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारली. त्या सुधारणेचा पुढारी जॉन नॉक्स जिनिव्हात कॅल्व्हिनच्या सहवासात राहून आला होता आणि सेंट जाइल्समध्येच प्रवचनं देत असे. त्याच्या पंथाने स्कॉटलंडला घरोघरी वाचन आणि गावोगावी शाळा दिल्या, हे निर्विवाद. पण त्यानेच रविवारही दिला: दुकानं बंद, खेळ बंद, हसणं बेताचं. वायव्येकडच्या लुइस बेटावर तर रविवारी मुलांचे झोपाळे साखळीने बांधून ठेवत. तिथून मुख्य भूमीकडे पहिली नियमित रविवारची बोट सुटली ती जुलै २००९मध्ये, आणि त्या दिवशीही धक्क्यावर निषेध करणारे भाविक उभे होते. हाच पंथ घेऊन जॉन विल्सन १८२९मध्ये मुंबईत आला. त्याने सुरू केलेलं कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे. म्हणजे स्कॉटलंडची शिस्त आणि शाळा मुंबईकरांच्या ओळखीची आहे. त्या शिस्तीतला रविवार सोसलेलं मूल कसं असेल, ते या गाण्यात भेटतं. 'आमच्या लहानपणी किती छान होतं' असं म्हणणाऱ्या स्कॉटिश माणसाला रीड बंधू त्याच्याच लहानपणातली एक दुपार दाखवतात. लांबच लांब, करड्या रंगाची, संपता न संपणारी.

दुसरं गाणं 'व्हॉट स्कूल?'. पश्चिम स्कॉटलंडमध्ये अनोळखी माणसाला कोणत्या शाळेत होतास हे विचारणं म्हणजे शिक्षणाची चौकशी नसते. १९१८च्या कायद्याने कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या, पण वेगळ्याच राहिल्या. त्यामुळे शाळेच्या नावावरून समोरचा कॅथलिक की प्रॉटेस्टंट, आयरिश वंशाचा की नाही, फुटबॉलमध्ये सेल्टिकचा की रेंजर्सचा, हे एका क्षणात कळतं. महाराष्ट्रात गप्पांच्या ओघात 'तुमचं आडनाव काय म्हणालात?' हा प्रश्न जे काम करतो, तेच तिथे हा प्रश्न करतो. रीड बंधूंचा जीव ज्या हिबर्नियन फुटबॉल क्लबवर आहे, तो १८७५मध्ये एडिनबरातल्या आयरिश कॅथलिक वस्तीतच सुरू झाला. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्यांना शहराने दाखवलेली दारं त्या क्लबच्या जन्मकथेत आहेत. त्यामुळे हा विषय त्यांना बाहेरून शोधून आणावा लागला नाही.

ही दोन गाणी ऐकली की अल्बम केवळ ब्रिटनविरोधी आहे हे म्हणणं टिकत नाही. गतकाळाविषयीची शंका त्यांनी स्वतःच्या अंगणापर्यंत आणून ठेवली आहे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची आयुष्यभर बाजू घेतलेल्या माणसांनी 'आमच्याही आठवणी तपासून पाहा' म्हणणं सोपं नाही. आपल्या बाजूच्या लोकांना टाळ्या वाजवायला लावणं त्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. तिसऱ्या गटातले श्रोते या अल्बमला त्यांच्या उत्तम कामांत का गणतात, ते इथे कळतं.

चाल कुठे गेली?

तरीही एक तक्रार उरतेच. ती राजकारणाची नाही, संगीताची आहे. जुन्या अल्बमांत रीड बंधूंची गाणी शब्द कळण्याआधी अंगात भिनत. 'आय एम ऑन माय वे' घ्या. २००१च्या 'श्रेक' चित्रपटात ते आलं तेव्हा इंग्रजी धड न कळणाऱ्या मुलांनीही त्यावर पाय आपटले. 'डेंचर्स आउट'मध्ये मात्र काही ठिकाणी मुद्दा आधी पोचतो आणि चाल मागून धापा टाकत येते. गाणं ऐन रंगात येईल असं वाटत असतानाच संपतं. दोन सूर एकमेकांवर चढत जाऊन छातीत काहीतरी हलतं, ती या जोडीची खासियत. तिला इथे फारशी मोकळीक मिळत नाही. साठीतले आवाज आता अधिक खोल आणि भरदार आहेत, जुळ्यांच्या गळ्यांचं ते विलक्षण एकजीव होणंही शाबूत आहे, म्हणून ही काटकसर जास्तच जाणवते.

ही तक्रार करणाऱ्याला 'तू जुन्या गाण्यांत अडकला आहेस' असं सांगून गप्प बसवणं अन्यायाचं आहे. गाण्याकडून चालीची अपेक्षा करणं म्हणजे गतकाळात रमणं नव्हे. मात्र अपेक्षा दोन प्रकारच्या असतात, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. 'या गाण्याची चाल आणखी खुलली असती' हे नव्या गाण्याविषयीचं मत आहे. 'यात फाइव्ह हंड्रेड माइल्स नाही' हे नव्या गाण्याविषयीचं मतच नाही. ते श्रोत्याच्या स्वतःच्या १९८८विषयी आहे: तेव्हाचं वय, तेव्हाचा मित्रांचा कंपू, तेव्हाचं शहर. आणि 'डेंचर्स आउट' ज्या वृत्तीशी भांडतो, ती नेमकी हीच. म्हणूनच हा अल्बम त्याच्या श्रोत्यांना अवघड गेला. देशाने गतकाळात रमू नये हे पटवून घेणं एक वेळ जमतं, पण आपल्या आवडत्या बँडकडून आपलं तारुण्य परत मागू नये हे मान्य करणं जड जातं.

इथे उलट प्रश्नही विचारला जातो आणि तो रास्त आहे. ज्यांचं पोट एका जुन्या गाण्यावर भरतं, त्यांनी आठवणींवर खटला भरावा का? रीड बंधूंनी ते गाणं कधी टाकलेलं नाही. ते मैफलीत गातात, आणि मनापासून गातात. मग त्यांच्या बोलण्यात विसंगती नाही का?

याचं उत्तर द्यायला एक फुटबॉल सामना उपयोगी पडतो.

हॅम्पडन, २१ मे २०१६

'सनशाइन ऑन लीथ' हे त्या अल्बमचं शीर्षकगीत १९८८मध्ये सिंगल म्हणून आलं, तेव्हा ब्रिटनच्या यादीत त्याला पहिल्या चाळिसातही जागा मिळाली नाही. ते ४१व्या क्रमांकावर अडकलं. दुखावलेल्या माणसाला कोणीतरी सावरलं, त्याबद्दलची कृतज्ञता एवढाच त्या गाण्याचा गाभा. गाणं संथ आणि लांब, रेडिओला न मानवणारं. तेव्हाच्या श्रोत्यांचा कौल अंतिम मानला असता, तर ते तिथेच संपलं असतं.

पण लीथच्या ईस्टर रोड मैदानावर हिबर्नियनच्या पाठीराख्यांनी ते आपलं केलं. २००७मध्ये डंडी रेप थिएटरने स्टीफन ग्रीनहॉर्नने लिहिलेलं एक संगीतनाटक याच नावाने रंगमंचावर आणलं. २०१३मध्ये डेक्स्टर फ्लेचरने त्यावर चित्रपट केला. आणि मग २१ मे २०१६ उजाडला. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना, हिबर्नियन विरुद्ध रेंजर्स. हिबर्नियनने हा चषक शेवटचा जिंकला होता १९०२मध्ये. त्यानंतर किती पिढ्या अंतिम सामने हरताना पाहत म्हाताऱ्या झाल्या. सामना २-२ असा बरोबरीत असताना भरपाईच्या वेळेत कर्णधार डेव्हिड ग्रेने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. ३-२. ११४ वर्षांनी चषक.

शिट्टी वाजताच लोक मैदानात घुसले, हाणामारी झाली, घोड्यांवरचे पोलीस उतरले. चषकप्रदान लांबलं. रेंजर्सचं अर्धं स्टेडियम रिकामं झालं. उरलेल्या अर्ध्यात हिरवे-पांढरे स्कार्फ वर गेले आणि हजारो माणसं 'सनशाइन ऑन लीथ' गाऊ लागली. संथ गाणं, तरी एकही ओळ सुटली नाही. बाप रडत होते, मुलगे रडत होते, आणि हा दिवस न पाहता गेलेल्या आजोबांची आठवण त्या गाण्यात येत होती. त्या दिवसाची चित्रफीत फुटबॉलशी संबंध नसलेले लोकही आज पाहतात.

ही आठवणच होती, आणि तिच्यात कोणताही रोग नव्हता. कारण तिथे कोणी १९०२मध्ये परत जाऊ मागत नव्हतं. गेलेल्यांना सोबत घेऊन लोक आजचा दिवस साजरा करत होते. 'डेंचर्स आउट'चा आक्षेप आहे तो दुसऱ्या प्रकारच्या आठवणीवर, जी आजच्या मुलांचे दरवाजे बंद करायला कालच्या वैभवाचा दाखला देते. 'फाइव्ह हंड्रेड माइल्स' गाणं आणि गतकाळाच्या राजकारणाला विरोध करणं यात म्हणूनच विसंगती नाही. रीड बंधू लोकांना गाणं परत देतात, १९८८ परत आणून देण्याचं आश्वासन देत नाहीत.

त्यांच्या स्कॉटलंडचं चित्रही मागे पाहणारं नाही. 'पर्सिव्हिअर'मधलं 'स्कॉटलंड्स स्टोरी' हे गाणं देशाची गोष्ट सांगताना आयर्लंडहून, इटलीहून आणि पूर्व युरोपातून आलेल्यांना आपल्यात मोजतं, आणि या गोष्टीत चिनी आणि भारतीय नावं का दिसत नाहीत असं विचारतं. हे २००१मध्ये. 'डेंचर्स आउट' हा त्याच विचाराचा एकवीस वर्षांनंतरचा, जास्त चिडलेला टप्पा आहे. उत्तरकाळातले अल्बम सलग ऐकले की हा धागा दिसतो. २००७च्या 'लाइफ विथ यू'मधलं 'इन रेकग्निशन' सरकारी मानसन्मान स्वीकारणाऱ्यांना जाब विचारतं. 'अँग्री सायक्लिस्ट'चा नायक अवजड वाहनांच्या गर्दीत जीव मुठीत धरून सायकल चालवतो आणि आसपासचं वातावरण दिवसेंदिवस उर्मट होत असल्याचं सांगतो. एकेक अल्बम सुटा ऐकणाऱ्याला हे किरकिरे म्हातारपण वाटू शकतं. सगळे ऐकणाऱ्याला ही तीन दशकं चाललेली एकच तळमळ आहे हे कळतं.

यादीतून वगळलेलं गाणं

या वादाला एक पुरवणी जोडली गेली. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. त्या निमित्ताने ब्रिटिश सरकारच्या संस्कृती खात्याने उत्सवात वाजवण्यासाठी गाण्यांची अधिकृत यादी जाहीर केली होती. तिच्यात 'फाइव्ह हंड्रेड माइल्स' होतं. एप्रिलमध्ये तक्रारी आल्या की हे गायक राजेशाहीचे विरोधक आहेत, आणि गाणं यादीतून काढून टाकण्यात आलं. रीड बंधूंनी राजेशाहीविषयीची मतं कधी लपवली नव्हती.

ज्यांना त्यांचं एकच गाणं माहीत होतं, ते चकित झाले. इतक्या आनंदी, निरुपद्रवी गाण्यामागे अशी माणसं? 'डेंचर्स आउट' ऐकलेल्यांना नवल वाटायचं कारण नव्हतं. सहा-सात महिन्यांपूर्वीच त्यांनी सगळं ऐकलं होतं. नंतरचं काम न ऐकता कलावंताला ओळखतो म्हणणाऱ्यांची फसगत कशी होते, याचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण. ही चूक एखाद्या बेफिकीर श्रोत्याच्या हातून नव्हे, सरकारी खात्याच्या हातून झाली.

'डेंचर्स आउट' हा प्रोक्लेमर्सचा सर्वांत सुरेल अल्बम नाही. तो मान 'सनशाइन ऑन लीथ'कडेच राहील. पण साठाव्या वर्षी, हमखास टाळ्यांचं गाणं खिशात असताना, आपल्याच चाहत्यांच्या सर्वांत लाडक्या सवयीवर अख्खा अल्बम लिहिणं हे धाडस आहे आणि ते बऱ्याच अंशी साधलं आहे. मराठी श्रोत्याला यात शिरायचं असेल, तर त्याने शीर्षकगीतापासून सुरुवात करू नये. त्यातला ब्रिटन त्याला लांबचा वाटेल. आधी 'व्हॉट स्कूल?' ऐकावं, मग 'संडेज बाय जॉन कॅल्व्हिन', मग 'डेंचर्स आउट'. आणि त्यानंतर लगेच १९८७चं 'लेटर फ्रॉम अमेरिका' लावावं. दोन्ही टोकांना तेच दोन आवाज, तोच उच्चार आणि तोच राग आहे. मधल्या पस्तीस वर्षांत आणखी दहा अल्बम आहेत, आणि त्यांतले बहुतेक अजून पुरेसे ऐकले गेलेले नाहीत.